दोन बेस, एक खोली

दोन सबवूफर, म्हणजे सब, आणलेस, माईक आणलास, लॅपटॉपवर खोली दुरुस्त करणारं सॉफ्टवेअरही टाकलंस. आता बटण दाबायच्या आधी काकाचं थोडं ऐक. जालन्यात मंडपाचे कर्णे आणि बेस लावण्यात माझा जन्म गेला. मैदानात बेस निघून जातो. खोलीत भिंतीला आपटून परत येतो, आणि भानगड तिथंच सुरू होते.

तुझी बैठक सतरा बाय बारा फुटांची, वर स्लॅब, चारी बाजूंना प्लास्टर. आवाज सेकंदाला साधारण 344 मीटर जातो. त्या हिशेबानं लांबीत 33 हर्ट्‌झची अर्धी लाट बरोबर बसते, रुंदीत 47ची. हे सूर भिंतीशी फुगतात, मध्यावर गडप होतात. तुझा सोफा नेमका मध्यावर! आजोबांच्या माळवदाच्या घरात हा त्रास एवढा नव्हता. ओसरी उघडी, दारं उघडी, निम्मा बेस अंगणात जायचा.

लेका, सगळ्यात महत्त्वाचं हे. सॉफ्टवेअर फुगा दाबतं, खड्डा भरत नाही. समोरून गेलेली लाट आणि मागून आलेली लाट एकमेकींना खातात म्हणून खड्डा पडतो. तू जोर वाढवलास की दोघी वाढतात. 10 डेसिबल वाढवायला दहापट वॅट लागतात. माझा एक अ‍ॅम्प असाच जळाला, म्हणून पोटतिडकीनं सांगतोय. खड्डा भरतो तो दुसऱ्या जागी ठेवलेला दुसरा सब.

म्हणून दोन्ही डबे एकावर एक रचू नकोस. ती मिरवणुकीच्या ट्रॅक्टरवरची सवय. खोलीत त्यानं दणका वाढेल, खड्डे होते तिथंच राहतील. एक समोरच्या भिंतीच्या मध्यावर, दुसरा मागच्या भिंतीच्या मध्यावर. 33ची लाट एक जण उचलतो, दुसरा दाबतो. हरमन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी 2002 साली हाच हिशेब मांडला: समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सब चांगले, चारी भिंतींना एकेक त्याहून चांगले, चारच्या वर फारसा फायदा नाही.

मागच्या मध्यावर दार आलं तर? मग सब उचलून सोफ्यावर ठेव, बेसचा एखादा तुकडा चालू कर आणि भिंतीकडेनं रांगत जा. जिथं घुमणं कमी आणि सूर स्वच्छ, तिथं सबची जागा. मी रांगत होतो तेव्हा काकूनं विचारलं, अंगठी हरवली का?

कोपऱ्यात गाद्या उभ्या करून बघितल्यास तर हसेन. 40 हर्ट्‌झची लाट साडेआठ मीटर लांब. तिला गादी म्हणजे रस्त्यावरचं पान. अंड्यांचे ट्रे तर नावालाही नकोत.

मोजणी पहाटे कर. कूलर बंद, पंखा बंद, लॅपटॉपचा चार्जर काढलेला. अ‍ॅम्प आणि सब एकाच बोर्डावर घे, नाहीतर अर्थिंगची 50 हर्ट्‌झची घूं घूं येते आणि तो बेस समजून तू दाबत बसशील. माईक स्टँडवर, कानाच्या उंचीला; सोफ्याच्या पाठीवर टेकवू नकोस. डोक्याच्या आसपास सहा-सात जागी मोज.

आधी दोन्ही सबची पातळी सारखी कर आणि दोघांना एकच समजून चाल. सबच्या पाठीवरचं फ्रिक्वेन्सीचं बटण पूर्ण वर ने, नाहीतर तेच गाळण दोनदा लागतं. स्पीकर आणि सब 80 हर्ट्‌झला जोड. सबच्या आतल्या सर्किटमध्ये आवाज रेंगाळतो, त्यामुळे टेपनं मोजलेलं अंतर खोटं ठरतं. मीटरला तीन मिलिसेकंद हा हिशेब फक्त सुरुवातीला. खरी खूण अशी: 80चा सूर लाव, सबची पोलॅरिटी उलटी कर आणि स्पीकरचा उशीर इकडेतिकडे सरकव. ऐकायच्या जागी आवाज मरतो तिथं थांब. आता पोलॅरिटी सरळ कर. दोघं खांद्याला खांदा लावून उभे.

त्यानंतर सॉफ्टवेअर. 300च्या खालीच राबव, वरचं स्पीकरवाल्यानं जे केलंय ते राहू दे. आलेख पाटीसारखा सपाट करशील तर गाणं उपाशी वाटेल. खालच्या टोकाला चार-पाच डेसिबलचा चढ ठेव.

मग पंडित भीमसेनांचं असं मुद्रण लाव ज्यात आपल्या जालन्याचे अप्पासाहेब जळगावकर पेटीवर आहेत. डग्गा पेटीवर चढत असेल तर सब दोन डेसिबल खाली. बेस मागच्या भिंतीतून येतोय असं वाटलं तर मागचा सब थोडा कमी कर, थोडा एकसारखेपणा गेला तरी चालेल.

रविवारी येतो. तोवर स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची ताटं पालथी घाल. 47ला तीच खणखणतात, आणि तू सबला दोष देत बसशील.