जुन्या पीसी/१०४ चळतीत नवे कार्ड बसेल का?

प्रश्न : आमच्या टेस्ट रिगवर जुना पीसी/१०४ संगणक आहे. त्यात डेटा अ‍ॅक्विझिशन आणि ग्राफिक्स अशी दोन कार्डे वाढवायची आहेत. चालतील का?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : डेटा अ‍ॅक्विझिशनचे बेलाशक वाढवा. ग्राफिक्सचा मात्र फेरविचार करा.

साधारण ९० बाय ९६ मिलिमीटरचे हे बोर्ड एकावर एक बसतात. मूळ १०४ पिनांवर जुनी आयएसए बस आहे. १६ बिटांचे, सेकंदाला एक लाख नमुने घेणारे कार्ड दोनच लाख बाइट पाठवते. एवढे ती सहज पेलते. चालत्या चित्राला मात्र ती अपुरी पडते. त्यासाठी पीसीआय, म्हणजे १२० पिनांचा दुसरा कनेक्टर असलेला पीसी/१०४-प्लस लागतो. तुमच्या सीपीयू बोर्डावर तो आहे का, ते आधी पाहा. नसेल तर ग्राफिक्स अंगचेच असलेला सीपीयू बोर्ड घेणे शहाणपणाचे. पण ‘पीसीआय-१०४’ नावाला भुलू नका. त्यावर आयएसए कनेक्टर नसतो, तुमची जुनी कार्डे बसणार नाहीत.

कार्ड बसवले तरी सापडत नाही, ही तक्रार बहुधा जंपरची असते. ३०० हेक्स हा पत्ता अनेक कार्डांवर कारखान्यातूनच लावलेला असतो. दोघांचा एकच झाला की गोंधळ. आयआरक्यूही तपासा.

सेन्सरचे सिग्नल मिलिव्होल्टमध्ये असतील तर डिफरन्शियल इनपुट वापरा आणि ते कार्ड पॉवर सप्लाय बोर्डापासून लांब ठेवा. बोर्ड सोडवताना चारही कोपरे थोडे थोडे उचला. एका बाजूने ओढलेत तर पिना वाकतात.