परतीच्या पावसात कुत्र्यांची केसगळती : होसकोटे परिसरातील पशुपालकांसाठी सल्ला

होसकोटे तालुक्यात सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे वर्षातील सर्वाधिक पावसाच्या महिन्यांत मोडतात, आणि द्राक्षमळा, भाजीचे रान किंवा गोठा राखणाऱ्या कुत्र्याचे अंग या काळात दिवसचे दिवस ओलसर राहत असल्याने त्वचेचे विकार याच सुमारास डोके वर काढतात. केस गळणे हा स्वतंत्र रोग नसून अनेक रोगांचे एकसारखे दिसणारे लक्षण आहे; म्हणून हाताशी असेल ते औषध चोपडण्याआधी केस नेमके कोठले गेले आणि खाज आहे की नाही, हे उजेडात नीट पाहावे.

कानांच्या कडा आणि पुढच्या पायांची कोपरे येथे करडी खपली धरली असेल आणि कुत्रे रात्रंदिवस खाजवत असेल, तर बहुधा ती खरूज, म्हणजे त्वचेत बोगदे करून राहणाऱ्या सूक्ष्म किडीचा उपद्रव असतो. कानाची कड दोन बोटांत धरून चोळली असता मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलू लागला, तर हा संशय बळावतो. मात्र ही खरूज माणसालाही खाज आणते, त्यामुळे नंतर हात साबणाने स्वच्छ धुवावेत. पिल्लाच्या डोळ्यांभोवती केस गेले असून खाज फारशी नसेल, तर केसांच्या मुळांत राहणारी डेमोडेक्स ही कीड संभवते. शेपटीच्या मुळाशी चावून चावून टक्कल पडते ते बहुधा पिसवांमुळे, आणि गोल, कोरडा चट्टा गजकर्णाचा, म्हणजे बुरशीचा, असू शकतो. दोन्ही कुशींवर सारखेच केस विरळ होऊन कुत्रे सुस्तावले असेल, तर थायरॉइड ग्रंथीची तपासणी करावी लागते. तेथे कोणतेही मलम उपयोगी पडत नाही.

गोचिडांच्या बाबतीत सर्वांत जास्त चूक होते. गुरांवरील नेहमीची गोचीड अळी अवस्थेपासून पूर्ण वाढेपर्यंत एकाच जनावरावर राहते, पण कुत्र्यावरील तपकिरी गोचीड प्रत्येक वेळी रक्त पिऊन खाली उतरते, भिंतीच्या भेगेत किंवा छपराच्या सांध्यात कात टाकते आणि मादी तेथेच काही हजार अंडी घालते. त्यामुळे केवळ कुत्र्याला औषध लावून भागत नाही. निजण्याच्या जागेभोवतीच्या भेगा सिमेंटने बुजवणे आणि अंथरायची गोणपाटे उकळत्या पाण्यातून काढणे हा उपचाराचाच भाग आहे. हिरड्या फिक्या पडल्या किंवा नाकातून रक्त आले, तर गोचीडताप समजून त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे जावे.

गोठ्यातील औषध कुत्र्यावर वापरणे धोक्याचे आहे. गुरांच्या 1 टक्का आयव्हरमेक्टिन इंजेक्शनच्या 1 मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम औषध असते आणि ती मात्रा 50 किलो वजनासाठी असते. 15 किलोच्या कुत्र्यासाठी हाच हिशेब 0.3 मिलिलिटर इतका येतो, म्हणजे अंदाजाने भरलेली सिरिंज सहज कितीतरी पट जास्त ठरते, आणि कोली जातीच्या व तिच्या संकरित कुत्र्यांना तर एरवी चालणारी मात्राही जिवावर बेतू शकते. पिकांवरील कीटकनाशक किंवा जळके इंजिन ऑइल कुत्र्याच्या अंगाला कधीही लावू नये, कारण कुत्रे अंग चाटते आणि विष थेट पोटात जाते. खाज थांबवणारी स्टेरॉइडयुक्त मलमे चार दिवस बरे वाटायला लावतात खरी, पण त्यांमुळे डेमोडेक्स आणि बुरशी दोन्ही फोफावतात.

आहाराकडेही लक्ष द्यावे. केवळ नाचणीच्या मुद्द्यावर, म्हणजे शिजवलेल्या पिठाच्या गोळ्यावर, व सांबारावर वाढलेल्या कुत्र्यास प्रथिने कमी पडतात, धान्यातील फायटेटमुळे जस्त नीट शोषले जात नाही आणि केस निस्तेज होतात. शिवाय सांबारातील कांदा त्याच्या रक्तपेशींना घातक असतो. मुद्द्यासोबत उकडलेले अंडे द्यावे. कच्चे नको, कारण कच्चा पांढरा बलक बायोटिन हे जीवनसत्त्व अडवतो.

खात्रीच्या निदानासाठी त्वचा खरवडून घेतलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो, आणि तालुक्यात ती सोय न झाल्यास बंगळूरच्या हेब्बाळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळचे आहे. डेमोडेक्समध्ये कीड संपण्याआधीच केस उगवू लागतात, त्यामुळे महिन्याच्या अंतराने घेतलेले दोन नमुने स्वच्छ येईपर्यंत औषध बंद करू नये.