जासूद आणि लहरी

इ. स. १७७९ च्या जानेवारीत वडगाव मावळ येथे महादजी शिंदे आदी मराठे सरदारांनी इंग्रजी फौजेस कोंडले व तह करण्यास भाग पाडले. त्या काळी लष्कराचे निरोप जासूद नेत. जासूद पकडल्यावाचून पत्र शत्रूच्या हाती सहसा पडत नसे.

आज असे निरोप रेडिओच्या लघुलहरींवरूनही जातात. या लहरी वातावरणाच्या उंच, विद्युत्भारित थरावरून परतून हजारो किलोमीटर दूर पोहोचतात. मित्र व शत्रू या दोघांच्याही रेडिओत त्यांचे सूर उमटतात. संगणक सुरांतील भेद ओळखून त्यांचे एक व शून्य असे अंक मांडतो. परंतु निरोप गूढलिपीत असल्यास किल्लीवाचून त्या अंकांचा अर्थ लागत नाही.

पूर्वी जासुदास जपावे लागे; आता किल्लीस जपावे लागते.