त्रिवक्रेचे चंदन

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील ४२ वा अध्याय आपणां भाविकांच्या परिचयाचा आहे. भगवंत मथुरेच्या राजमार्गाने चालले असता चंदनाचे पात्र घेतलेली कुब्जा भेटते आणि देव तिला सरळ करतो. ही कथा मी चाळीस वर्षे कीर्तनात सांगत आलो. कुबड गेले की टाळकरी टाळ उचलतात, मंडळी माना डोलावतात, आणि आपणही मनात म्हणतो, आजची सेवा साधली.

एका आषाढी वारीत पालखीच्या मुक्कामी कीर्तन उतरल्यावर एक बाई पुढे आल्या. म्हणाल्या, "महाराज, माझ्या लेकीच्या अंगावर कोड आहे. दिंडीत येते, पण हात ओढणीखाली, आन् कुणाला पायाला हात लावू देत नाही. तुमची कुब्जा सरळ झाली. हिचं काय?"

'देवाची इच्छा' एवढे पुटपुटून मी सुटलो. खरे म्हणजे सुटलो नाही. त्या रात्री राहुटीत कंदील जवळ ओढून मूळ पोथी पुन्हा काढली.

आता पाहा, कुबड कधी जाते? अगदी शेवटी. शुकाचार्य तिला पहिल्याच श्लोकात सुमुखी म्हणतात. देव तिला हाक मारतो ती 'वरोरु' अशी. सुंदर स्त्रीला मारावी अशी ती हाक. आणि त्या वेळी ती तीन ठिकाणी वाकडीच आहे! ही थट्टा असेल, असे कोणी म्हणेल. पण तिचे उत्तर ऐका. माझे नाव त्रिवक्रा, मी कंसाची दासी, उटी करण्याच्या कामी राजाला मान्य, आणि ही उटी लावून घ्यायला तुम्हां दोघांवाचून योग्य कोण? जिला स्वतःच्या अंगाची लाज वाटते ती असे बोलेल काय? वाकड्या अंगाचे नाव तिने स्वमुखाने सांगितले, पाठोपाठ हातांचे कसब सांगितले, आणि त्याच हातांनी रामकृष्णांना दाट चंदन दिले. देव प्रसन्न झाला तो त्या चंदनाने. सरळ करणे त्यानंतरचे. देवाने सेवा घेतली ती वाकड्या देहाची.

येथे कोणी साधक हटकेल, की बुवा, देह नाशिवंत, त्यावर प्रेम करा म्हणता, ही देहबुद्धीच नव्हे काय? शंका रास्त आहे. परंतु दिवसातून दहा वेळा आरशात आपला डाग न्याहाळून कष्टी होणारा देहापासून सुटला आहे का? मला तर तो गोऱ्यागोमट्या गर्विष्ठापेक्षा अधिक अडकलेला दिसतो. देहाचा द्वेष हीसुद्धा देहबुद्धीच, फक्त तोंड कडू केलेली. अवधूताने चोवीस गुरू सांगून झाल्यावर आपल्या देहालाही गुरू म्हटले आहे. त्यावर नाथमहाराज एकनाथी भागवताच्या नवव्या अध्यायात सांगतात, की निंद्य म्हणून देह टाकू नये आणि वंद्य म्हणून त्याचे चोचलेही पुरवू नयेत. त्याला परमार्थाला लावावे. ज्याला कामाला लावायचे त्याच्याशी वैर धरून कसे चालेल?

हे लिहिताना माझेच मला हसू येते. लहानपणी पोलिओने माझा डावा पाय वाळला. गादीवर उभा राहिलो की धोतराच्या निऱ्या जमिनीला टेकतील अशा सोडायच्या, आणि कोणी पाया पडायला आले की डावा पाय हळूच मागे घ्यायचा. ज्या पायाने काठी टेकत वारी घडवली त्यालाच मी नमस्काराचा वाटा देत नव्हतो. आणि पंढरीच्या देवाचे पाय तरी कसे आहेत? भाविकांच्या स्पर्शाने ते झिजले. २०२० साली त्यांवर वज्रलेप करावा लागला. त्या झिजेला व्यंग म्हणणारा वारकरी मला अजून भेटायचा आहे.

कोडाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. त्याला श्वेतकुष्ठ म्हणतात म्हणून लोक बिचकतात. पण कुष्ठरोगाशी त्याचा संबंध नाही आणि स्पर्शाने ते लागत नाही. सोयरीक जुळवणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे. उपचार करू नये असेही माझे म्हणणे नाही. वैद्य-डॉक्टरांकडे जरूर जावे. पण अंग निवळेल तेव्हा देवापुढे येईन, असा वायदा करू नये.

पंढरपुरी ती मायलेकरे पुन्हा वाळवंटात दिसली. आपल्या रिवाजाप्रमाणे मी त्या मुलीच्या पाया पडायला वाकलो. तिने पाय मागे घेतले. मी निऱ्या वर धरल्या, डावा पाय पुढे केला आणि म्हणालो, "माउली, हा मीसुद्धा लपवीत होतो." ती बराच वेळ पाहत राहिली. मग ओढणी खांद्यावर टाकून वाकली आणि दोन्ही उघडे हात तिने त्याच पायावर ठेवले.