टरबूज खाल्लं की शरीर आतून धुऊन निघतं का?

प्रश्न : आमची मुदखेडजवळ मोगऱ्याची आणि गुलाबाची शेती आहे. पहाटेपासून फुलं तोडायला असतो. एप्रिल-मे महिन्यात दहा वाजेपर्यंत अंग घामानं ओलंचिंब होतं. सध्या मोबाइलवरच्या एका व्हिडिओमुळे घरात टरबूज, काकडी आणि दुधीच्या रसाचं खूळ शिरलं आहे. जाऊबाई म्हणतात, यानं शरीरातली सगळी घाण निघून जाते, मग पाणीही फार प्यावं लागत नाही. सासऱ्यांना साखर आहे, मागच्या तपासणीत क्रिएटिनिनही वाढलेलं निघालं. त्यांनाही हे सगळं द्यावं का? आणि टरबुजावर पाणी पिऊ नये म्हणतात, ते खरं का?
— एक वाचक भगिनी, मुदखेड, जि. नांदेड

उत्तर : ताई, शेवटचा प्रश्न सगळ्यात सोपा, म्हणून तो आधी. टरबुजावर पाणी प्यायल्यानं काही होतं याला ठोस आधार नाही. पोट तडस लागेपर्यंत टरबूज खाऊन वर तांब्याभर पाणी प्यायलं तर जड वाटेल, इतकंच.

आता घाणीकडे वळू. रोजच्या खाण्यातली प्रथिनं वापरली गेली की अमोनिया उरतो. तो विषारी असतो. यकृत त्याचं युरियात रूपांतर करतं आणि मूत्रपिंडं तो लघवीवाटे बाहेर टाकतात. आपली दोन मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात, त्यातला जवळजवळ सगळा रक्तात परत घेतात आणि दीडेक लिटर लघवी तेवढी बाहेर सोडतात. सफाई म्हणतात ती ही. ती चोवीस तास चालू असते आणि कुठल्याही रसाची वाट पाहत बसत नाही.

गंमत म्हणजे टरबुजाचा या सफाईशी खराखुरा संबंध आहे, व्हिडिओवाल्यांना मात्र तो माहीत नसावा. सिट्रुलिन नावाचं अमिनो आम्ल 1914 साली जपानी संशोधकांनी टरबुजाच्या रसातून वेगळं केलं. पुढे 1932 मध्ये जर्मनीत हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्झेलाइट यांनी अमोनियाचा युरिया कसा होतो ते शोधून काढलं, तेव्हा त्या साखळीतली एक कडी हे सिट्रुलिनच निघालं. पण आपलं शरीर ते स्वतःच बनवतं. धडधाकट माणसाच्या यकृताला टरबूज खाल्ल्यामुळे जादा मजूर मिळत नाहीत.

या यंत्रणेला बाहेरून लागतं ते पाणी. उन्हात राबून पाणी कमी पडलं की लघवी गर्द पिवळी होते, थोडी थोडी होते, जळजळते. आपल्याकडे त्याला उन्हाळी लागणं म्हणतात. इथे मात्र जाऊबाईंची फळं खरंच कामाला येतात. काकडीत सुमारे 95 टक्के पाणी असतं, टरबुजात 91-92, खरबुजात 90 च्या आसपास, टोमॅटोत 94. अर्धा किलो टरबूज खाल्लं तर पोटात साडेचारशे मिलिलिटरच्या वर पाणी जातं. ज्यांना नुसतं पाणी घशाखाली उतरत नाही, अशा म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना फोडी खाऊ घालणं हा उत्तम मार्ग. पण दिवसभराचं पाणी फळांवर भागवायचं म्हटलं तर किती किलो टरबूज लागेल, याचा हिशेब जाऊबाईंनाच मांडायला सांगा. पाण्याचा हंडा शेताच्या बांधावर हवाच.

तुमच्यासारख्या राबणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे आणि व्हिडिओत ती कधीच सांगत नाहीत. घामातून नुसतं पाणी जात नाही, मीठही जातं. माणसामाणसात फरक असतो, पण एक लिटर घामाबरोबर साधारण एक ग्रॅम सोडियम, म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास मीठ निघून जातं. पारा चाळिशीच्या पार गेला असताना जोराचं काम केलं तर तासाला लिटरभर घाम सहज जातो. आणि एक किलो टरबुजात सोडियम किती, तर जेमतेम दहा मिलिग्रॅम. काकडीतही नावालाच. म्हणजे घामेजलेल्या अंगानं नुसती फळं खाल्ली किंवा नुसतं पाणीच पाणी प्यायलं, तर पाणी भरून निघतं पण मीठ नाही. मग पायात गोळे येतात, डोकं दुखतं, मळमळतं. मुदखेडच्या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या प्रशिक्षण केंद्रात कवायत करणारा जवान असो की मोगरा तोडणारी बाई, घामाचा हिशेब दोघांना सारखाच.

आपल्या जुन्या लोकांनी यावर तोड काढून ठेवली होती. मीठ घातलेलं ताक, ज्वारीची आंबील, कैरीचं पन्हं. काकडीला आणि वाळकाला मीठ-तिखट चोळून खाणं हा केवळ जिभेचा चाळा नव्हे. टरबुजाच्या फोडीवर चिमूटभर मीठ भुरभुरलं तर आणखी छान, कारण आतड्यात साखर आणि सोडियम बरोबरीनं शोषले जातात आणि आपल्यासोबत पाणी ओढून घेतात. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली, तेव्हा बनगावला डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर हजारो जीव वाचवले ते याच जोरावर. मात्र उलट्या-जुलाब सुरू असतील तर टरबुजाच्या नादी लागू नका, ओआरएसचं पाकीट आणा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आणि ऊन लागून माणूस बरळायला लागला, अंग तव्यासारखं तापलं, तर त्याला काहीही पाजत बसू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन करा. मीठ भरून काढायचा हा सल्ला घाम गाळणाऱ्यांचा आहे बरं का. पंख्याखाली बसून काम करणाऱ्यांच्या ताटात मीठ आधीच जास्त असतं.

पोट साफ होण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सफाईच्या गप्पांत लोकांच्या मनात बहुतेक तेच असतं. त्यासाठी लागतो चोथा, आणि पाणीदार फळं इथे मागे पडतात. शंभर ग्रॅम टरबुजात चोथा अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी, पेरूत पाच ग्रॅमच्या वर, ज्वारीच्या दाण्यात दहाच्या आसपास. सकाळी पोट साफ होतं त्याचं श्रेय भाकरीला द्या. काकडी सालीसकट खाल्ली तर तिलाही थोडं द्यायला हरकत नाही. रस काढून गाळला की होता तेवढा चोथाही गेला.

मुतखड्याचा त्रास असलेल्यांना लिंबू आणि मोसंबीचा उपयोग होतो. त्यातलं सायट्रेट लघवीतल्या कॅल्शियमला खडा धरू देत नाही. जालन्याची मोसंबी आपल्याकडे मुबलक येते, पण खरं औषध पुन्हा पाणीच : दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं.

सासऱ्यांचं मात्र वेगळं आहे. साखरेपुरतं बोलायचं तर टरबुजाच्या दोन फोडींना भिण्याचं कारण नाही. टरबूज रक्तातली साखर झटकन वाढवतं हे खरं, पण शंभर ग्रॅममध्ये सगळी मिळून साखर सहा-सात ग्रॅमच असते. पेलाभर रस मात्र नको, कारण त्यात पाच-सहा फोडी दोन घोटांत संपतात. पण वाढलेलं क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडं थकल्याची खूण. अशा माणसाच्या रक्तात पोटॅशियम साचू शकतं आणि ते जास्त झालं की हृदयाचे ठोके बिघडतात. शंभर ग्रॅम टरबुजात पोटॅशियम 110 मिलिग्रॅमच्या आसपास, खरबुजात त्याच्या दुपटीहून जास्त, तुमच्या शेजारच्या अर्धापूरच्या केळ्यात साडेतीनशे. मोठ्या शहाळ्याच्या पाण्यात पाचशेच्या वर जातं. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं नेण्याची रीत इथे अंगावर येऊ शकते. कमरख हे आंबट फळ तर मूत्रपिंडाच्या रुग्णानं तोंडातही घालू नये, त्यातलं द्रव्य मेंदूवर चढतं. दिवसाला पाणी किती, फळ कोणतं आणि किती, हे सासऱ्यांचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनीच सांगावं. तोवर त्यांच्या हातात रसाचा पेला देऊ नका. घाण निघावी म्हणून दिलेलं तेच पोटॅशियम त्यांच्या अंगात अडकून बसेल.

चिरून ठेवलेल्या फळांचंही सांगतो. मुदखेड जंक्शनवर आदिलाबादकडच्या गाडीची वाट पाहताना लाल फोडींची ताटली खुणावते, पण टरबुजात आंबटपणा फार कमी, त्यामुळे कापल्यावर उघड्यावर राहिलं की जंतू त्यात झपाट्यानं वाढतात. घरीसुद्धा कापण्याआधी वरचं साल वाहत्या पाण्यात चोळून धुवा. साल खात नाही म्हणून धूत नाही, असं बरेचजण म्हणतात, पण सुरी सालावरची माती थेट गरात नेते. साबण वगैरे नको.

आणि दुधीचा रस. दुधी, काकडी, दोडका ही एकाच कुळातली मंडळी. त्यांच्यात कुकुर्बिटासिन नावाचं कडू विष तयार होऊ शकतं, आणि वेलाला पाण्याचा ताण पडला, ऊन फार झालं की ते वाढतं. मराठवाड्यात हे दोन्ही असतंच. 2010 साली दिल्लीत कडू रस प्यायल्यावर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला, त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं तज्ज्ञांची समिती नेमली. समितीचा सल्ला साधा होता : रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखून पाहा, कडू लागला तर अख्खा दुधी टाकून द्या, दुधीच्या रसात दुसरा रस मिसळू नका, आणि प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब झाले तर तडक दवाखाना गाठा. दुसरा रस नको म्हणण्याचं कारण उघड आहे, आवळा-पुदिना घातला की कडूपणा झाकला जातो. जाऊबाईंना रस प्यायचाच असेल तर पिऊ द्या, पण पहिला तुकडा रोज चाखायला लावा. कडू निघाला तर थुंका, चूळ भरा, आणि तो दुधी म्हशीपुढेही टाकू नका, खड्ड्यात पुरा.