कानाची परीक्षा व डोळ्यांची परीक्षा

'मला इंग्रजी येतें' असें आपण म्हणतों, तेव्हां नक्की काय येतें याचा विचार क्वचितच करतों. धडा वाचून समजणें हें एक कौशल्य. तोच मजकूर दुसऱ्याच्या तोंडून ऐकून समजणें हें निराळें. एक साधलें म्हणजे दुसरें आपोआप साधतें, असें नव्हे.

एके वर्षीं माझ्या वर्गांतील एका मुलीस मीं इंग्रजींत तोंडीं प्रश्न विचारले. ती गप्प राहिली, म्हणून तिला मीं कच्ची ठरविलें. पुढें तेच प्रश्न कागदावर लिहून दिले, तेव्हां तिनें सर्वांचीं उत्तरें बरोबर दिलीं. चूक तिची नव्हती, परीक्षकाची होती. तेव्हांपासून मी दोन्ही परीक्षा वेगळ्या घेतों.

असें कां होतें? इंग्रजींत लेखन व उच्चार यांचा नेहमीं मेळ बसत नाहीं. 'नाइफ' या शब्दाच्या आरंभींचें 'के' अक्षर लिहितात, पण उच्चारीत नाहींत. बोलतांना शब्द एकमेकांस चिकटतात. 'टर्न इट ऑफ' हे तीन शब्द कानास 'टर्निटॉफ' असे एकच भासतात. शिवाय डोळ्यांस मागची ओळ पुन्हां पाहतां येते. कानास ती सवलत नसते. भद्रावतीच्या परिसरांत मराठी, झाडीबोली, गोंडी, तेलुगु व हिंदी कानांवर पडतात. इंग्रजीचे सुटे शब्द मोबाईलमुळें घरोघर पोंचले. तथापि सलग इंग्रजी लक्ष देऊन ऐकण्याचा प्रसंग थोडाच.

परीक्षेची रीत सोपी आहे. सारख्या कठीणपणाचे, सुमारें १०० शब्दांचे दोन नवे उतारे घ्यावे. अर्ध्या वर्गानें पहिला ऐकावा व दुसरा वाचावा. उरलेल्यांनीं उलट करावें. म्हणजे एखादा उतारा सोपा निघाला, तरी निकाल फसवा होत नाहीं. ऐकावयाचा उतारा दोनदां, स्वाभाविक गतीनें वाचावा. प्रत्येकावर ५ प्रश्न असावे व ते मराठींत विचारावे. नाहीं तर लेखनाची कचाई समजुतीच्या माथीं बसते. उतारा न वाचतांच ज्याचें उत्तर देतां येईल, असा प्रश्न गाळावा. वाचनांत ५ व ऐकण्यांत २ गुण पडले, तर मूल मंद नाहीं. त्याचे कान उपाशी आहेत, इतकेंच. मात्र एका परीक्षेवरून निर्णय करूं नये, दोन-तीनदां पाहावें.

महाराष्ट्रांत सन २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवितात. चीनमध्यें तर महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेंत ध्वनिमुद्रित संभाषणें ऐकवून त्यांवर इंग्रजीचे प्रश्न विचारण्याची पद्धत रूढ झाली आहे. जें परीक्षेंत असतें, त्याचीच तयारी शाळा करतात. म्हणून कानाची परीक्षा केवळ उपचार म्हणून उरकूं नये.

पालकांस एक विनंती. आपणांस इंग्रजी येत नसलें, तरी हरकत नाहीं. मुलास रोज १० मिनिटें एखादी इंग्रजी गोष्ट ऐकूं द्या, आणि नंतर ती आपल्या बोलींत सांगावयास लावा. गोष्ट नीट सांगतां आली, म्हणजे ती समजली. सांगतां न आली, तर रागावूं नका. पुन्हां ऐकूं द्या.