पहिला क्रमांक आणि बाकावरची जागा

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा संघाचा सूत्रधार. बहुतेक प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते. म्हणून हार झाली की बोट प्रथम त्याच्याकडे जाते. तेथील व्यावसायिक संघ दरवर्षी कॉलेजांतील खेळाडू निवडतात, आणि मागील हंगामात तळाला राहिलेल्या संघाला निवडीचा पहिला मान मिळतो. साहजिकच सर्वांत होतकरू मुलगा बहुधा सर्वांत दुबळ्या संघाच्या वाट्याला येतो.

ब्राइस यंगच्या बाबतीत तर हा मान विकत घेतलेला होता. २०२३ साली कॅरोलायना पँथर्सने तो शिकागो बेअर्सकडून मिळवला. मोबदल्यात निवडीचे अनेक हक्क दिलेच, शिवाय डी. जे. मूर हा आपला सर्वोत्तम झेल घेणारा गडीही देऊन टाकला. आता यंगने चेंडू फेकायचा कोणाकडे? त्या हंगामात पँथर्सने १७ पैकी २ सामने जिंकले; चेंडू फेकण्यापूर्वीच यंगला ६२ वेळा लोळवण्यात आले. २०२४ चे पहिले दोन सामने ४७-१० व २६-३ असे हरताच २३ वर्षांच्या यंगला बसवून ३६ वर्षांच्या अँडी डाल्टनला उतरवले.

यंगच्या फेकी चुकत होत्या, हे खरे. परंतु आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, म्हणून असेल, मला दोष त्या व्यवहाराचा अधिक वाटतो.

पुढे मोटार अपघातात डाल्टनचा अंगठा दुखावला आणि ऑक्टोबरअखेर यंग परतला. त्या हंगामात त्याची जागा पुन्हा गेली नाही. अखेरचा सामना पँथर्सने अटलांटा फाल्कन्सविरुद्ध जादा वेळेत ४४-३८ असा जिंकला.